माझ्या घागऱ्याखालचा राक्षस

मित्रांनो, मला एका बाजूने उभी धरलीत तर मी हरीण आहे. सोनेरी अंगाचे, लांब पापण्यांचे, गळ्यात लाल फीत बांधलेले. आता मला उलटी करा, घागरा झटकून खाली सोडा आणि बघा. मी राक्षस आहे! दोन शिंगे, काळ्या लोकरीच्या मिशा आणि पांढऱ्या लेसचे दात. हो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. मला पाय नाहीत. डोक्यात नसले की पायात असावे लागते, असे तुमच्यातली मोठी माणसे म्हणतात. माझ्या पायांच्या जागीही डोकेच आहे, त्यामुळे ती अडचण माझ्यापुरती तरी मिटली.

माझा जन्म पडदे शिवण्याच्या एका दुकानात झाला. दुकानाच्या मागच्या खोलीत तीन मशिनी होत्या. खिडकीजवळच्या मशिनीवर एक बाई बसायची. गिऱ्हाइके तिला 'पडदेवाल्या बाई' म्हणत. तिच्या धाकट्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची. मी त्या मुलीसाठीच जन्मले, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते.

जेवणाची सुट्टी झाली की आत्या चार घासांत डबा उरकायची आणि टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात हात घालायची. माझे हरणाचे अंग कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतल्या सोनेरी साटिनच्या पडद्यातून उरलेले आहे. राक्षसाचे डोके जांभळ्या मखमलीचे आहे. तो तुकडा नाट्यगृहाच्या पडद्याचा होता, त्यामुळे थोडे नाटक त्याच्या अंगात आधीपासूनच असावे. माझ्या पोटात बारीक कातरलेल्या चिंध्या भरल्या. शिंगांपर्यंत येईतो त्या संपल्या. डावे शिंग ताठ उभे राहिले आणि उजवे कानावर लोळले. शेजारच्या मशिनीवरची मैत्रीण हसून म्हणाली, "अगं, हा राक्षस आहे की झोपेतून उठवलेला पाहुणा?"

"असू दे," दातांनी दोरा तोडत आत्या म्हणाली. "मला पोरीला घाबरवायचं नाहीये. रूप बदलणं म्हणजे काय, ते दाखवायचंय."

ती पोर म्हणजे भिंगरी. खरे नाव वेगळे होते, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. एका जागी दोन मिनिटे टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिला पाच वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी मी तिच्या हातात पडले. तिने मला उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली आणि मग विचारले, "आत्या, हा राक्षस हरणाच्या आत लपलाय, की हरीण राक्षसाच्या आत?"

आत्याला हेच हवे होते. तिच्याकडे मायावी राक्षसांच्या गोष्टींचा खजिना होता. त्यांना 'कामरूपी' म्हणतात, हे तिने भिंगरीला शिकवले. कामरूपी म्हणजे मनाला येईल ते रूप घेणारे. एक राक्षस सोन्याचे हरीण होऊन झोपडीसमोर बागडला. एक वासरू होऊन वासरांच्या कळपात शिरला. एक प्रचंड बगळा होऊन चोच वासून बसला, आणि एक तर वावटळ होऊन आला. एक राक्षसीण सुंदर बाई होऊन तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायला आली. आत्या गोष्ट सांगायची आणि ऐन वेळी मला सर्रकन उलटी करायची. भिंगरी किंकाळी फोडायची आणि लगेच म्हणायची, "परत!"

त्या घरात आणखी दोघे होते. भिंगरीची आई औषधाच्या दुकानात काम करायची. घरी आल्यावरही तिच्या बोलण्यात 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' असायचे. बाबा बस दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मेकॅनिक होते. संध्याकाळी ते यायचे तेव्हा त्यांच्या नखांत काळे ग्रीस असायचे, म्हणून मला उचलण्याआधी ते दोनदा हात धुवायचे. मग मी टेबलाखालून हळूच डोके वर काढायची आणि बाबा म्हणायचे, "अरे वा, हरीण! किती छान हरीण!" आणि मी राक्षस झाले की ते खुर्चीवरून धाडकन खाली पडायचे. वर्षभर ते रोज फसले. एकदाही त्यांना शहाणपण आले नाही. मित्रांनो, बाहुलीच्या आयुष्यात याहून मोठा मान नसतो.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी माझ्या कानावर पडली. एके सकाळी एक बस तापून कारखान्यात आली. ती लगेच परत रस्त्यावर जायची होती. तापलेल्या रेडिएटरचे झाकण गार झाल्याशिवाय उघडायचे नसते, हे बाबा नव्या पोरांना रोज सांगायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतःच हातात फडके घेतले आणि झाकण फिरवले. उकळते पाणी आणि वाफ थेट तोंडावर आली. डोळे तेवढे वाचले.

बाबा दोन महिने दवाखान्यात होते. लहान मुलांना तिथे आत सोडत नसत. आत्या घरी राहायला आली. भिंगरी रोज विचारायची, "बाबा कधी येणार?" आई म्हणायची, "लवकर येतील हं. अगदी होते तसे येतील."

आईला खोटे बोलायचे नव्हते. तिला रडे आवरायचे होते, आणि घाईत तेच वाक्य हाताशी आले. पण भिंगरीने ते वाक्य गाठीशी बांधून ठेवले. होते तसे येतील. ती दाराकडे तोंड करून मला घेऊन बसायची आणि बाबा आल्यावर हरीण आधी दाखवायचे की राक्षस, याचा विचार करायची.

एका दुपारी दार वाजले. आईच्या मागून एक माणूस आत आला. त्याच्या सगळ्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर कातडीच्या रंगाचे घट्ट कापड चढवलेले होते. डोळ्यांपुरती दोन भोके, नाकाला एक, तोंडाला एक. भाजलेली कातडी सपाट आणि मऊ राहावी म्हणून दवाखान्यात असा दाबाचा मास्क शिवून देतात. तो वर्ष-दीड वर्ष दिवसरात्र घालावा लागतो, फक्त जेवताना आणि अंघोळीला काढायचा. हे सगळे मला आता माहीत आहे. तेव्हा मलाही माहीत नव्हते आणि भिंगरीलाही नाही.

"भिंगरी," तो माणूस म्हणाला. वाफेने घसा भाजला होता. आवाज दगडावर पत्रा घासावा तसा आला.

भिंगरी उठली नाही. तिने त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. बाबांचाच शर्ट होता. बाबांच्याच चपला होत्या. तिचे हात माझ्याभोवती इतके आवळले की माझ्या कुशीची शिवण उसवली.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"अगं, असं काय करतेस? बाबाच आहेत," आई म्हणाली.

भिंगरीने मला उलटी केली. घागरा खाली पडला. तिने माझे जांभळे डोके आईसमोर धरले आणि म्हणाली, "नाही. हा आहे. यानं बाबांचं रूप घेतलंय."

मग ती स्वयंपाकघरात पळाली आणि ओट्याखाली जाऊन बसली. तो माणूस दारातच उभा राहिला. मास्कमुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याने चपला काढण्यासाठी उचललेला पाय तसाच खाली ठेवला, हे मी पाहिले. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी म्हटले असते की मी राक्षस नाही, मी पडद्याची चिंधी आहे. पण माझ्या तोंडातले दातही लेसचे. त्यांतून शब्द कुठून फुटणार?

त्या संध्याकाळी आई आणि आत्या स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या.

"ताई, राग मानू नका," आई म्हणाली, "पण तुमच्या त्या राक्षसांनी पोरीचं डोकं फिरवलंय."

आत्या एरवी एका वाक्याला दोन वाक्ये परत देणारी. त्या दिवशी ती नुसता ओटा पुसत राहिली. भिंगरी झोपल्यावर तिने माझी उसवलेली कूससुद्धा शिवली नाही. मला उचलले आणि मागच्या खोलीतल्या कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवून दिले. त्यानंतर त्या घरात राक्षसाची गोष्ट कुणी सांगितली नाही. सशाच्या गोष्टी झाल्या, चिमणीच्या झाल्या. भिंगरी कान देऊन ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "हा ससा खराच ससा होता का?"

कपाटावर धूळ होती, एक मोडकी छत्री होती आणि मी होते. वापरात नसलेल्या वस्तूला दुःख होते ते धुळीचे नसते. कुणालाच आपली आठवण येत नाही, याचे असते. पण मी त्या खोलीत एकटी नव्हते. बाबाही होते.

भिंगरी शाळेतून यायची वेळ झाली की बाबा मागच्या खोलीत येत आणि दार लावून घेत. आपल्याला पाहून ती घाबरते, जेवत नाही, म्हणून. मास्कची तिला जास्त भीती वाटते असे त्यांना वाटले, तेव्हा ते संध्याकाळभर मास्क काढून ठेवू लागले. मी वरून त्यांचा चेहरा पाहिला. डावी भुवई गेली होती. गालाची कातडी लाल, चकचकीत आणि ओढलेली होती. ओठाचा एक कोपरा खाली खेचला गेला होता. ते खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकत आणि पलंगाच्या कडेवर बसून पुटपुटत, "भिंगरी. भिंगरी." थांबून घसा साफ करत आणि पुन्हा म्हणत, "भिंगरी." आधीच्या आवाजात हाक मारता येते का, हे ते बघत होते. रोज बघत होते.

एक दिवस ते दवाखान्यातून आले, तेव्हा आत्या त्यांच्या मागोमाग खोलीत शिरली. तिचा पारा चढलेला होता.

"मास्कवाल्या मॅडम काय म्हणाल्या, ऐकलंस ना? संध्याकाळी काढून ठेवतोस म्हणून ओठाची कातडी आखडायला लागलीय. असंच चाललं तर महिन्या-दोन महिन्यांनी तोंडात चमचा जाणार नाही तुझ्या. परत ऑपरेशन करायचंय का?"

"ताई, ती ओट्याखाली बसते गं," बाबा म्हणाले. "सहा वर्षांची पोर. दोन आठवडे झाले. माझ्याच घरात मी बागुलबुवा झालोय."

"मग काय करणार आहेस?"

"कारखान्यात वरती एक विश्रांतीची खोली आहे. साहेब हो म्हणालेत. वर्षभर तिकडेच राहीन. मास्क निघाला की येईन."

"वर्षभर?" आत्या म्हणाली. "वर्षभरात ती तुला विसरायला शिकेल."

बाबा खुर्ची ओढून कपाटापाशी गेले. खुर्चीवर चढून त्यांनी कपाटावरची बॅग ओढली. बॅगेबरोबर मी घरंगळले आणि पलंगावर येऊन पडले. राक्षसाचे डोके वर. बाबा मला बघून थोडे थांबले. मग त्यांनी बॅग आत्यापुढे ठेवली, मास्क काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "तू कपडे भर. मी अंघोळ करून येतो."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. आत्या एक शर्ट घडी करायची, पुन्हा उलगडायची आणि पुन्हा घडी करायची. तेवढ्यात दार किलकिले झाले. भिंगरीने आत डोके घातले. तिला बाबा नको होते, मला बघायचे होते. बॅगेच्या आवाजावरून मी खाली आले हे तिने ओळखले असावे. ती पायांच्या बोटांवर आत आली आणि तिने मला उचलून घेतले. माझे उजवे शिंग तिने नीट केले. ते पुन्हा कानावर पडले.

"आत्या," ती म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"नाही गं."

"ते सोन्याचं हरीण होतं ना, त्याला कुठे खरचटलेलं होतं का?"

आत्या घडी टाकून तिच्याकडे बघू लागली. राक्षसांबद्दल बोलायचे नाही असे तिने ठरवले होते. पण समोरून प्रश्न आला होता, आणि तिच्यातली गोष्ट सांगणारी बाई काही मेली नव्हती.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "एवढासा ओरखडा नव्हता. लख्ख होतं. बघत राहावं असं."

"आणि ती राक्षसीण? बाळाला घ्यायला आली ती?"

"ती तर इतकी सुंदर झाली होती की कुणी तिला अडवलंच नाही."

"आणि वासरू?"

"इतर वासरांसारखंच. ओळखू येऊ नये असं."

"म्हणजे ते अगदी नीट रूप घेतात?"

"घ्यावंच लागतं. फसवायचं असतं ना त्यांना! ओबडधोबड रूप घेऊन आला तर फसेल कोण?"

 भिंगरीने मला हरीण केले. मग राक्षस केले. मग पुन्हा हरीण. भिंगरीसारखी भिंगरी, पण त्या वेळी तिचा पायसुद्धा हलत नव्हता. खुंटीवर मास्क लोंबत होता, त्याकडे ती बघत होती.

"मग," शेवटी ती म्हणाली, "राक्षसाला जर बाबा व्हायचं असतं, तर तो आधीच्या बाबांसारखा झाला असता ना? भुवई-बिवई सगळं लावून आला असता. आवाजपण तसाच काढला असता."

आत्याने बॅग बाजूला सारली. "हो गं राणी," ती म्हणाली. "तसाच आला असता."

न्हाणीघरातले पाणी कधीच थांबले होते. बाबा दारात उभे होते. खांद्यावर टॉवेल, चेहरा उघडा आणि ओला. भिंगरीला बघून ते झटकन मागे वळले.

"थांब," भिंगरी म्हणाली.

ते थांबले, पण पाठमोरेच.

"तू बाबा आहेस का?"

"हो."

"मग असं कसं झालं?"

बाबांनी आत्याकडे पाहिले. मग ते वळले आणि तिच्यापासून चार हातांवर जमिनीवरच बसले. दोन महिने आणि दोन आठवडे झाले होते, पण मित्रांनो, तिला खरे काय झाले ते सांगितलेच नव्हते कुणी. बाबांनी सांगितले. बस तापली होती. झाकण गार होऊ द्यायला हवे होते. घाई केली. वाफ तोंडावर आली. कातडी गेली, तिच्या जागी नवी आली, ती अशी आली.

"परत पहिल्यासारखी होणार?"

आई म्हणाली असती, होईल. बाबा म्हणाले, "नाही. थोडी बरी होईल. पहिल्यासारखी नाही."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आले. तरी ती मागे सरकली नाही. उलट एक हात पुढे सरकली. "दुखतं?"

"आता दुखत नाही एवढं. खाजतं मात्र फार. आणि खाजवायचं नाही, असं सांगितलंय. फक्त हलकं थोपटायचं."

"कशानं?"

"कशानंही. मऊ असलं म्हणजे झालं."

भिंगरीने माझ्याकडे पाहिले. मग अगदी गंभीरपणे, दुकानदार विचारतो तसे तिने विचारले, "हरणानं थोपटू की राक्षसानं?"

बाबांच्या ओठाचा चांगला कोपरा वर गेला. "राक्षसानं. त्याचं डोकं जास्त मऊ आहे."

आणि मग, मित्रांनो, माझ्या मखमलीच्या डोक्याने मी बाबांच्या गालावर थोपटले. एकदा, दोनदा, दहादा. गाल ओला होता. तो अंघोळीच्या पाण्याने किती आणि कशाने किती, हे माझ्या कापडाला कळले नाही. आत्या बॅगेतले शर्ट काढून परत कपाटात ठेवत होती, आणि एरवी कशाचीही घडी चटकन घालणाऱ्या त्या बाईला एकही घडी नीट घालता येत नव्हती. औषधाच्या दुकानातून आई आली तेव्हा तिघे तसेच बसले होते. ती दारातच खाली बसली. पर्स खांद्यालाच अडकलेली राहिली.

एका दिवसात सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. पुढच्या काही दिवसांत भिंगरी दोनदा ओट्याखाली गेली. एकदा तर तिने बाबांना अचानक विचारले, "आपण मागच्या वर्षी कुठे हरवलो होतो?" बाबांनी बरोबर सांगितले, वर "आपण नाही, तू हरवली होतीस" असेही सुनावले, तेव्हा तिची खात्री पटली. मास्क घालायचे काम तिने स्वतःकडे घेतले. बाबा खाली वाकायचे आणि ती भोके डोळ्यांवर नीट बसवून द्यायची. "जेवणानंतर लगेच," ती आईच्या आवाजात बजावायची. बाबांनी पुन्हा कधी मास्क वेळेआधी काढला नाही. ओठाचा कोपरा आखडायचा थांबला.

आत्याने मास्कवाल्या मॅडमकडून त्याच कापडाची उरलेली पट्टी मागून आणली आणि माझ्यासाठी एक छोटा मास्क शिवला. तो ती राक्षसाला चढवू लागली, तर भिंगरी ओरडली, "त्याला काय झालंय? भाजलं हरणाला आहे!" म्हणून तो हरणाचा झाला. कानांना दोन भोके जास्तीची पाडावी लागली.

मग एके दिवशी शाळेत जायची वेळ झाली. तोवर तिला शाळेत आई किंवा आत्या सोडायची. त्या दिवशी बाबा म्हणाले, "मी येऊ का?" विचारताना ते बुटाची नाडी बांधत होते, वर बघत नव्हते. भिंगरीने मला दप्तरात असे ठेवले की माझे डोके बाहेर राहील, आणि बाबांचे बोट धरले.

रस्त्यात लोक बघत होते. काही बघून न बघितल्यासारखे करत होते. शाळेच्या फाटकाशी भिंगरीच्या वर्गातला एक मुलगा उभा होता. त्याने बाबांना पाहिले आणि मोठ्याने म्हटले, "बापरे! राक्षस!"

त्याच्या आईने त्याच्या दंडाला चिमटा काढला. बाबांचे बोट भिंगरीच्या मुठीत सैल झाले, सुटू बघू लागले. भिंगरीने ते सोडले नाही. ती थांबली आणि त्या मुलाला, अडाणी माणसाला समजवावे तसे म्हणाली, "राक्षस असे नसतात. राक्षस एकदम छान दिसतात. म्हणून तर आपण फसतो. तुला कुणी सांगितलं नाही का?"

मुलगा विचारात पडला. हे त्याला नवीन होते. "मग हे कोण?"

"माझे बाबा. बस दुरुस्त करतात. रेडिएटरच्या वाफेनं भाजलं."

"कुठली बस?" मुलाने लगेच विचारले. "दोन दरवाजांची की एका?"

"दोन दरवाजांची," बाबा आपल्या घासलेल्या आवाजात म्हणाले.

"तिला किती चाकं असतात?"

बाबा उकिडवे बसले आणि सांगू लागले. पुढे दोन, मागे चार, कारण मागे जोडीजोडीने असतात. बघता बघता चार-पाच मुले जमली. एकाला स्टेपनी कुठे असते ते हवे होते, दुसरीला हॉर्न. एका लहानग्याने मध्येच विचारले, "हे काढता येतं का?" बाबा म्हणाले, "येतं, पण माझी मुलगी रागावते." घंटा झाली तरी कुणी हलेना. शेवटी बाईंना बाहेर यावे लागले.

मी इथे, या दवाखान्यात कशी आले, ते सांगते. पुढच्या तपासणीला भिंगरीही गेली आणि मला घेऊन गेली. मास्कवाल्या मॅडमनी माझा मास्क हातात घेऊन शिवण तपासली, हसल्या आणि मग त्यांचे लक्ष खोलीच्या कोपऱ्यात गेले. तिथे एक चार वर्षांचे मूल आईच्या मानेत तोंड खुपसून बसले होते. तासभर प्रयत्न करूनही ते चेहऱ्याचे माप घेऊ देत नव्हते. मॅडमनी मला त्याच्या शेजारी नुसते ठेवले.  थोड्या वेळाने एक हात आला. त्याने माझा मास्क ओढला, कान बाहेर काढले आणि पुन्हा चढवला. मग त्याने स्वतःच हनुवटी वर केली.

मॅडम भिंगरीला म्हणाल्या, "ही मला आठवडाभर देशील?"

भिंगरीने माझा घागरा नीट केला. "दर शनिवारी हिला अंघोळ घालायची," ती म्हणाली. "आणि राक्षसालापण थोडा वेळ वर ठेवायचं. नाहीतर त्याला वाटतं, आपण कुणाला आवडत नाही."

त्या आठवड्याची आता नऊ वर्षे झाली आहेत. मधल्या काळात मी पुष्कळ चेहरे पाहिले. दर शनिवारी गरम पाण्यात उकळून माझे सोने पितळेसारखे झाले आहे आणि मखमलीचे केस गेले आहेत. राक्षसाला टक्कल पडले म्हणून इथली मुले त्याला 'आजोबा' म्हणतात. बाबांचा मास्क केव्हाच निघाला. चेहरा पहिल्यासारखा नाही, पण तो आता त्यांचाच वाटतो. ते कारखान्यातच आहेत. आत्याला आता सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, तरी ती दर काही महिन्यांनी इथे येऊन माझ्या शिवणी तपासते आणि जाता जाता बाकावरच्या मुलांना एखादा राक्षस सांगून जाते. भिंगरी तिच्यापेक्षा उंच झाली आहे. मागच्या खेपेला ती आली तेव्हा मला हातात घेऊन म्हणाली, "केवढीशी होतीस गं तू!" मी काही लहान झालेली नाही. पण मी ते मनावर घेतले नाही.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी एखादा बदललेला चेहरा भेटेल. रस्त्यात भेटेल, वर्गात भेटेल, कदाचित तुमच्याच घरात. तेव्हा भीती वाटली तर वाटू द्या, त्यात पाप नाही. फक्त पळू नका, आणि टक लावून उभेही राहू नका. विचारा. काय झालं, दुखतं का, बसला किती चाकं असतात. आणि तुम्ही मोठे झालात की लहानांना खरे सांगा. खरे सांगितले तर मूल रडते, पण ते ओट्याखाली जाऊन बसत नाही.

माझ्याबद्दलही एक विनंती आहे. मला उचलण्याआधी हात धुवा, इथला नियमच आहे तो. उलटी करताना कमरेत धरा, मानेला धरू नका, तिथला टाका सैल झाला आहे. आणि माझ्यासारख्या जुन्या बाहुल्या तुमच्या कपाटावर असतील, तर त्यांना एकदा खाली काढून बघा.

आता पुरे. बाहेरच्या बाकावर एक लहान मुलगी केव्हाची मान खाली घालून बसली आहे. तिच्याजवळ तिचे बाबा आहेत, आणि काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. मॅडमनी हात पुसले आहेत. त्या माझ्याकडेच येत आहेत. मला कामावर जायचे आहे.